खिडकीतल्या मातीच्या पोरी

मुक्ता बनसोडेबाईंचं पहिल्या भेटीत कुणाशी जमलं, असं ऐकिवात नाही. आवाज खणखणीत, चाल अशी की बरोबरच्या माणसाला पळावं लागे, काखेत कायम काळी छत्री आणि अंबाड्यात खोचलेला खडू. पावसानं पाठ फिरवली त्या वर्षीही छत्री काखेतच. कुणी चेष्टा केली की म्हणायच्या, "आला तर? तुमच्यागत भिजत उभी राहू व्हय?" माणूस वाईट नव्हतं. पण हे कळायला जेवढा वेळ थांबावं लागे, तेवढा वेळ थांबणारी माणसं कमी.

त्यांचे वडील बब्रुवान येडशीच्या स्टेशनात गँगमन. रुळाखालची खडी ठोकण्यात जन्म गेला, पण पगार महिन्याच्या महिन्याला होता, म्हणून पोरगी शिकली. छप्पन सालानंतर त्या माणसानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून ओढ्यात सोडले आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "आजपासून ह्या घरात कुणी कशाला भ्यायचं न्हाय." मुक्ता तेव्हा लहान होती. देव गेल्याचं तिला फारसं आठवत नाही, पण भ्यायचं नाही हे मात्र पक्कं डोक्यात बसलं. इतकं पक्कं, की दुसरी माणसं कशाकशाला भितात हे बघायचीही सवय राहिली नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ बरंचसं तिथं आहे.

सोलापूरला चित्रकलेची पदविका करून बाई ढोकीच्या अलीकडच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत लागल्या. लग्नाचा विषय कुणी काढला की त्या समोरच्याच्या लग्नाची अशी चौकशी सुरू करत, की विचारणारा उठून जाई. शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला मान तो किती? परीक्षा जवळ आली की गणिताचे मास्तर येऊन तास मागणार, इंग्रजीचे न मागताच घेणार. पाहुणे यायचे असले की मात्र बाईंची आठवण. फलक रंगवा, रांगोळी काढा, कमानीवर नानासाहेबांचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. नानासाहेब म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे संचालक, दूध सोसायटीचे चेअरमन. गावात सहकार म्हणजे नानासाहेब आणि बाकीचे सगळे सभासद.

बाई भांडत. "माझा तास म्हणजे काय धर्मशाळा आहे का, कुणीही यावं आन् पथारी टाकावी?" हेडमास्तर शंकरप्पा कपाळावरची विभूती सारखी करत म्हणत, "बाई, चित्रानं का पोट भरतंय?" हा माणूस पापभीरू होता. देवाला भ्यायचा, नानासाहेबांना भ्यायचा आणि ह्या दोघांच्या मधे जे जे येतं त्या सगळ्यालाच भ्यायचा.

त्यात शहाऐंशीचा दुष्काळ आला. म्हातारी माणसं सांगायची, बहात्तरला धान्य नव्हतं पण विहिरींच्या तळाला पाणी होतं. ह्या खेपेला दुकानात धान्य आणि विहिरी ठणठणीत. तेरणेच्या कोरड्या पात्रात झिरे खणून लोक वाटीवाटीनं पाणी भरत. पुढं तेही आटलं. मग पंचायतीचा टँकर सुरू झाला. तो यायचा, गावच्या विहिरीत पाणी ओतायचा आणि निघून जायचा. कधी येईल ते टँकरवाल्याला तरी ठाऊक असेल का, देव जाणे. त्यामुळं कोंबडं आरवायच्या आधीपासून विहिरीवर घागरींची रांग लागे. घागरीमागं पोरगी उभी. हा गावाचा कधी न बोललेला कायदा होता: बाप कामाच्या शोधात, आई भाकरीला, पोरगा अभ्यासाला, आणि पोरगी घागरीला. पाणी भरून झालं की तशीच शाळेत.

संक्रांत झाली आणि एके सकाळी प्रार्थनेच्या रांगेत नववीतली सत्यभामा धाडकन खाली पडली.

सत्यभामा श्रीपती नावाच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी. उंच, शिडशिडीत. पूर्वी तिच्या बडबडीनं वर्ग वैतागायचा. बाईंची तिच्यावर माया होती, म्हणजे तिला त्या इतरांपेक्षा जास्त ओरडत. पोरीचा हात चांगला होता. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायची. गेल्या काही दिवसांत मात्र ती गप्प झाली होती, आणि तिच्या बडबडीला कावलेल्या वर्गाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. तोंडावर पाणी मारायचं म्हटलं तर माठात पाणी नव्हतं. शिपायानं वहीनं वारा घातला. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, पण कुणाच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

चार दिवसांनी दुसरी पडली. मग एकाच तासाला दोघी. एक पडली की शेजारची थरथरायला लागायची, तिसरी रडायला. पोरं मात्र एकही पडलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले, अशक्तपणा म्हणाले, गोळ्या देऊन गेले. पण गावाला अशक्तपणा हे काही कारण वाटेना. अशक्त तर सगळेच होते.

ह्या भागात अशा वेळी एकच नाव निघतं. भानामती. शेजारच्या गावात बाया कुत्र्यागत भुंकल्या, तिकडं वाळत घातलेल्या लुगड्यानं आपोआप पेट घेतला, अशा गोष्टी प्रत्येकाच्या ओठावर तयार असतात. आणि भानामती म्हटली की ती करणारं कुणीतरी लागतं. तो शोध मग सुरू होतो, आणि तो सहसा एकट्या बाईच्या दाराशी येऊन थांबतो.

बनसोडेबाईंना ह्याची गंधवार्ता नव्हती. त्या आपल्या वेगळ्याच रागात होत्या. सरकारी चित्रकला परीक्षेसाठी त्यांनी संकल्पचित्र दिलं होतं: लुगड्याचा काठ काढा. मुलींनी काठ काढले आणि काठात काढल्या घागरी. कोयरी नाही, फूल नाही, मोर नाही. घागरीला घागर लावून कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाई कडाडल्या, "लुगडं नेसायचंय का पाण्याला जायचंय?" वर्ग हसला नाही. मुली खाली बघत राहिल्या. बाईंच्या मनात काहीतरी टोचलं, पण तास संपला आणि ते राहून गेलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. कागद-रंग बाजूला ठेवले आणि मातीकाम काढलं. आटलेल्या झिऱ्याच्या तळाची, अजून ओल धरून असलेली चिकणमाती त्यांनी पोत्यात भरून आणली आणि गोणपाटाखाली झाकून ठेवली. "हात हलू देत," म्हणाल्या. "तोंडानं बोलवत नसंल तर गप बसा. मातीला काय बोलायचं नसतं." विषय दिला, तोही त्यांच्या नेहमीच्या पद्धतीचा नव्हता. "जे करायला मिळालं तर तुम्हाला बरं वाटंल, ते करा."

आणि त्या तासाला कुणी पडलं नाही. मातीत हात गेले की मुलींचे खांदे सैल पडत. दोघीतिघी बोलायला लागल्या. सत्यभामानं तर एकदा शेजारणीला कोपर मारून, "नाक पुस गं," असं म्हटलं. ते तिचं कितीतरी दिवसांतलं पहिलं वाक्य, आणि बाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करून हातातला गोळा मळत राहिल्या.

मुलींनी बाहुल्या केल्या. बहुतेकींनी आडव्या. बाईंना वाटलं, उभ्या बाहुलीचे पाय मोडतात म्हणून हा आळस. "सगळ्या आडव्याच का? कंटाळा आला का उभं करायला?" असं म्हणून त्या पुढं गेल्या. वाळताना मुंडकी गळून पडू लागली, तेव्हा त्यांनी बाभळीचे काटे आणवले. डोकं बसवायचं आणि मानेतून आरपार काटा खोचायचा, टोक बाहेर राहिलं तरी चालेल. तार आणायला संस्थेनं पैसे दिले नसते. आणि पोळ्याला पोरं मातीच्या बैलाला काट्याचीच शिंगं लावतात, त्यात नवल ते काय? बैलाच्या डोक्यातल्या काट्याला गाव हसतं आणि बाईमाणसाच्या मानेतल्या काट्याला भितं, हे बाईंच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. त्यांच्या घरात भ्यायचं नाही असं ठरलेलं होतं.

बाहुल्या वाळायला त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवल्या. खिडकी विहिरीच्या रस्त्याला.

वर आणखी शिक्षकांच्या खोलीत जाऊन मिरवलं. "तुमच्या तासाला पोरी पडतात. माझ्या तासाला एक पडली का? सांगा बरं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेच वाक्य संध्याकाळपर्यंत पारावर पोचलं आणि तिथं त्याचा अर्थ फिरला. करणारीच्या समोर बाधा गप्प बसती, हे काय नवीन आहे? दुसऱ्या दिवशी टँकरची वाट बघणाऱ्या बायांनी खिडकीत डोकावून पाहिलं. ओळीनं आडव्या पडलेल्या मातीच्या पोरी, डोळे मिटलेले, गळ्यात काटे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ: त्याच दुपारी आठवीतली एक मुलगी वर्गात पडली.

मग फार वेळ लागला नाही. आठवड्यात निम्म्या मुली शाळेत यायच्या बंद झाल्या. बाई रस्त्यानं निघाल्या की दारं लागत. ज्या घरून त्यांना ताक यायचं तिथून निरोप आला, म्हैस आटली. म्हैस खरंच आटली असेल, दुष्काळ होता. पण निरोप सांगणारीनं वर बघितलं नाही.

आणि सत्यभामा येईना.

बाई तिच्या घरी गेल्या. सत्यभामाची आई, मालनबाई, उंबऱ्यावरच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती, आणि ती बघून बाईंचा पुढं टाकलेला पाय तिथंच थांबला.

"पोरगी कुठाय?"

"निजलीय."

"बरी हाय का?"

"बाई, तुमच्या पाया पडते," मालनबाई हळू आवाजात म्हणाली. "काय केलं असंल ते काढून घ्या. माझ्या लेकरानं तुमचं काय वाईट केलं न्हाय."

मागं ओसरीवर बसलेला श्रीपती बोलला. "रविवारी भानामती उतरवणारा जाणता येणार हाय. त्यानं उतरवलं तर ठीक. तिच्या मामानं स्थळ आणलंय. गावभर बभ्रा व्हायच्या आत उजवून टाकतो. शाळा बास झाली."

"श्रीपतराव, नववीत हाय ती."

"मग काय करू? आजारी पोरगी कोण करून घेतंय? आज हाय तर हाय." दुष्काळात लग्नं चार माणसांत उरकतात आणि कुणी नावं ठेवत नाही, हे त्यानं बोलून दाखवलं नाही. पण त्या साली तेच हिशोब घराघरांत चालले होते. बाई परत फिरल्या. छत्री त्यांच्या दारातच विसरली, आणि ती आणायला परत जायचं धाडस झालं नाही.

रविवारी शाळेच्या पटांगणात लोक जमले. जाणता सीमेपलीकडचा होता, मधेच कानडीत पुटपुटायचा, त्यामुळं त्याचं वजन आणखी वाढलं. नानासाहेब खुर्चीवर बसले. भानामतीवर त्यांचा विश्वास नव्हता, पण मतदारांवर होता, आणि कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती. शंकरप्पा त्यांच्या मागं, विभूती नेहमीपेक्षा जाड. शिपायानं काठीनं ढकलत ढकलत बाहुल्या एका पोत्यावर आणून मांडल्या. हात लावायला कुणी तयार नव्हतं. पडलेल्या मुलींना आयांनी धरून पुढं बसवलं होतं. सत्यभामा मालनबाईच्या कुशीला टेकून बसली होती, डोळे मिटत होते आणि आई तिला हलवून जागं ठेवत होती.

जाणत्यानं काठी बाहुल्यांकडं रोखली. "काटा गळ्यात. म्हणून पोरींची वाचा गेली."

बाई उभ्या राहिल्या. "काटा मी खोचायला लावला. मुंडकं राहावं म्हणून. तुमच्या पोळ्याच्या बैलाला काय असतंय?" खरं तेच सांगत होत्या, पण आवाज चढला. आवाज चढवून सांगितलेलं खरं गावाला खोटं वाटतं. "मातीकाम हाय ते. अभ्यासक्रमात हाय. विचारा हेडमास्तरांना."

शंकरप्पा नानासाहेबांकडं बघत राहिले.

गर्दीतून एक म्हातारी बोलली, "पाण्याला माणसं मरत्यात आन् ही माती भिजवून बाहुल्या करतीय."

"झिऱ्याच्या तळाची माती हाय ती, आजी. एक थेंब घातला न्हाय मी."

"ते ऱ्हाऊ द्या," श्रीपती उठून म्हणाला. "मला एवढंच सांगा. सगळ्या आडव्या का? मढ्यावानी?"

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की ह्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही. आळस म्हणून त्यांनी पोरींना झापलं होतं. बरं वाटंल ते करा, असं सांगितलं होतं खरं. पण केल्यावर, हे काय केलंस म्हणून एकीलाही विचारलं नव्हतं. काठात घागरी काढल्या तेव्हाही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं त्या मुलांच्या रेघा बघत होत्या, आणि रेघ वाकडी का सरळ एवढंच बघत होत्या.

"मला ठाऊक न्हाय," बाई म्हणाल्या. "मी विचारलंच न्हाय."

लोकांत कुजबुज उठली. जाणत्यानं मान डोलावली. त्याला हवं ते मिळालं होतं. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्या पोत्याला वळसा घालून गेल्या आणि सत्यभामासमोर खाली बसल्या, मातीत. मालनबाईनं लेकीला मागं ओढलं.

"सत्यभामा," बाईंचा आवाज इतका खाली कुणी कधी ऐकला नव्हता. "चुकलं का बरोबर ते न्हाय विचारत. तुझी बाहुली आडवी का गं?"

पोरीनं डोळे उघडले. आधी बाईंकडं, मग पोत्याकडं बघितलं. लोकांना वाटलं, ही आता बोलत नाही.

"निजलीय ती," सत्यभामा म्हणाली.

"काय?"

"झोपलीय. तुमी म्हणला ना बाई, जे करून बरं वाटंल ते करा."

मग पलीकडून आठवीतल्या सीताची बारीक आवाजात भर पडली, "माझी बी झोपलीय. तिच्या अंगावर वाकळ हाय, बगा, टाके बी घातल्यात." आणखी एकीनं बोट दाखवलं. "ती माझी. खाली मांडी हाय. मायची." मग एकदम तिघीचौघी बोलायला लागल्या, मातीत कुणी उशी केली, कुणी पायाशी मांजर केलं, कुणी दार केलं आणि त्याला आतून कडी लावली, कुणी उठवू नये म्हणून. इतके दिवस ज्यांची वाचा गेली म्हणून गाव जाणत्याला बोलावत होतं, त्या पोरी एकमेकींचं तोडून बोलत होत्या.

"ही बाधाच बोलतीय," जाणता म्हणाला.

मालनबाई उठली. ती पोत्याजवळ गेली आणि कुणी अडवायच्या आत तिनं लेकीची बाहुली उचलली. गळ्यातला काटा तिला बघवेना. जे कुठल्याही आईनं केलं असतं तेच तिनं केलं: तो काटा उपटला. आणि बाहुलीचं मुंडकं सुटून तिच्या तळहातावर पडलं.

मालनबाईच्या घशातून जो आवाज निघाला तो ज्यांनी ऐकला त्यांना विसरता आला नसेल. सगळं गाव उभं राहिलं. जाणता दोन पावलं मागं सरला, हे विशेष.

सत्यभामा मात्र शांतपणे आईजवळ आली. मुंडकं घेतलं, बोटाला थुंकी लावून फुटलेली कड ओली केली, आईच्या मुठीतून काटा सोडवून घेतला आणि मानेत परत खोचला. अंगठ्यानं दाबून सांधा नीट केला. बाईंनी वर्गात शिकवलं होतं तसाच.

"काटा काढला तर मान ऱ्हात न्हाय, माय," ती म्हणाली.

मालनबाईनं बाहुलीकडं पाहिलं, मग लेकीकडं. डोळ्यांखाली काळं झालेलं, ओठ फुटलेले, डोक्यावर चुंबळीनं घासून केस विरळ झालेले. रोज समोर असलेलं तोंड ती जणू पहिल्यांदा बघत होती.

"कवा उठतीस गं तू?" तिनं विचारलं.

"तूच तर उठवतीस."

मालनबाई तिथंच रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. बाहुली पदरात घेतली, लेकीचा हात धरला आणि सगळ्यांच्या मधून चालत घरी गेली. श्रीपती काही क्षण उभा राहिला, जाणत्याकडं बघितलं, नानासाहेबांकडं बघितलं, आणि मुकाट बायकोच्या मागं निघाला. सीताची आईही उठली. बाकीच्या बसून राहिल्या. सगळ्यांना कळलं असं नाही. कळलं तरी काय करायचं हे प्रत्येकाला कळतंच असं नाही. सकाळी घागर तर भरायलाच हवी होती.

नानासाहेबांनी घसा साफ केला आणि सभा आवरती घेतली. मातीकाम बंद. विषय संपला. जाणत्याला नारळ आणि जेवण मिळालं. कुणी बाईंची माफी मागितली नाही. माफी मागावी असं काही झालं, हेच कुणी मान्य केलं नाही. पोत्यावर उरलेल्या बाहुल्या बाईंनी एकटीनं गोळा केल्या, ओच्यात घातल्या आणि खोलीवर नेल्या.

पुढं परीक्षा झाल्यावर मे महिन्यात त्यांची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. नियमानुसार, असं आदेशात होतं. ज्या मुलींच्या आया बसून राहिल्या होत्या, त्यांतल्या दोघी नंतर शाळेत आल्या नाहीत. एकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, दुसरीचं काय झालं ते बाईंना कळलं नाही. ते दोन चेहरे त्यांना पुढं कायम त्रास देत राहिले. नव्या शाळेत त्या तितक्याच मोठ्यानं बोलत, तितक्याच भांडत. एक बदल झाला होता. मुलानं चित्र आणून दाखवलं की आधी विचारत, "हे काय हाय, सांग मला." पोरं सांगत बसत, आणि तासाचे तास तसेच जात. गणिताचे मास्तर तिथंही कावायचे.

पण त्याच्या आधीची, सभेच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट सांगायची राहिली.

त्या सोमवारी सकाळी विहिरीवर गावानं नवल पाहिलं. घागरींच्या रांगेत श्रीपतीचा थोरला मुलगा व्यंकट उभा होता, नुकतं मिसरूड फुटलेला, मान खाली घालून. बायका पदराआड हसत होत्या. "व्यंकट, चुंबळ बसती का डोक्यावर?" त्यानं घागर पुढं सरकवली. आईनं त्याला हाताला धरून उठवलं होतं, आणि बापानं नेहमीसारखं "पोरगा हाय तो" असं म्हणायला तोंड उघडून परत मिटलं होतं.

शाळेत पहिला तास चित्रकलेचा. मातीकाम बंद, म्हणून बाईंनी फळ्यावर मडकं काढायला घेतलं होतं. वर्ग निम्मा रिकामा. उशिरा येणाऱ्याला उन्हात उभं करायचा शाळेचा नियम होता आणि शंकरप्पा व्हरांड्यात त्याच्यासाठीच उभे होते. प्रार्थना होऊन बराच वेळ झाल्यावर सत्यभामा पळत पळत फाटकातून आली. वेणी अर्धी सुटलेली, एका हातात बाईंची काळी छत्री. शंकरप्पांनी तिच्याकडं पाहिलं, आणि काय वाटलं त्यांना कोण जाणे, ते उगाचच घंटेकडं वळून घंटा बघायला लागले.

ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. धापा टाकत होती. उजव्या गालावर वाकळेच्या टाक्यांचा वळ उमटला होता, लांबच लांब, ओळीनं, अजून लाल.

"झोपलीस?" बाईंनी विचारलं.

"व्हय बाई. मायनं उठवलंच न्हाय."

बाईंना सवयीनं काहीतरी रागाचं बोलायचं होतं. जमलं नाही. "बस," एवढंच म्हणाल्या. मग फळ्याकडं तोंड करून त्यांनी अर्धं काढलेलं मडकं पुसून टाकलं.